जुन्या जीपचे खातेपान

पाच लाख रुपयांस घेतलेल्या मोटारीवर घटत्या मूल्याच्या पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा आकारीत गेल्यास वीस वर्षांनी वहीत तिचे मूल्य १९,३८० रुपये उरते. धंद्याच्या मोटारीस आयकराच्या नियमांनी वर्षानुवर्षे लागू असलेला दर हाच, आणि गणितही बिनचूक आहे. परंतु हा आकडा गाडीविषयी काहीच सांगत नाही. तो पाहून एखाद्या घरात जुनी जीप घाईने मातीमोल विकली जाते. दुसऱ्या घरात तोच आकडा पाहून 'आता तिची किंमतच काय राहिली, खर्च तरी कशाला करायचा' असे म्हणून तिची निगा थांबते, गाडी मात्र रोज रस्त्यावर असते. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसरीत घाटातल्या उतारावर काय जाईल, याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

व्यापारी घरांचे आणि जीपचे नाते जुने आहे. १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-३बी ही तिची पुढची आवृत्ती अनेक दशके भारतात बनत राहिली. पुढे प्यूजोच्या तंत्रज्ञानाचे डिझेल इंजिन आले, एमएम ५४० आणि कमांडर आल्या. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तिचे ९७० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन लहान, पण गाडी हलकी आणि चिवट. आठवडी बाजार, खेड्यावरची वसुली, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतणारे रस्ते, कापसाच्या आणि तुरीच्या हंगामातील धावपळ ही सारी कामे या गाड्यांनी केली. रस्ते सुधारले, दुकानासमोर नव्या मोटारी उभ्या राहिल्या, आणि जीप गोदामाच्या मागे गेली. आता घरातील तरुण पिढी तिला पुन्हा बाहेर काढू पाहते. कुणाला रविवारी सह्याद्रीच्या कच्च्या वाटा खुणावतात, कुणाला आजोबांच्या गाडीचा जिव्हाळा असतो. वडीलधारे म्हणतात, विकून टाका. मुले म्हणतात, आम्ही दुरुस्त करू. हा वाद भावनेवर सोडण्यापेक्षा खतावणीवर आणलेला बरा.

त्यासाठी शंभर पानांची एक साधी वही पुरते. तारीख, किलोमीटर, झालेले काम, सुट्या भागाचे नाव व किंमत, काम कोणी केले, एवढे रकाने हवेत. जुन्या जीपचा किलोमीटरचा काटा बहुधा बंद असतो; अशा वेळी डिझेलच्या पावत्यांवरून अंतर अजमावता येते. महत्त्वाचा भाग असा की खर्चाची दोन खाती वेगळी ठेवावीत, एक निगेचे व दुसरे बिघाडाचे. तेल बदलले, ग्रीस भरले, लायनर घातले, हे निगेत. वाटेत बंद पडली, ओढून आणली, उघडावी लागली, हे बिघाडात. दोन वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या की घरातील वादाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. निगेच्या खात्यात काहीच नाही आणि बिघाडाचे खाते फुगलेले आहे, असे दिसले तर दोष गाडीवर लादण्याआधी मालकाकडे पाहावे. निगा वेळेवर होऊनही बिघाड वाढतच असेल, तर मात्र वडिलांचे म्हणणे खरे मानावे लागेल.

या गाड्या घरी दुरुस्त करता येतात, कारण त्यांची रचना उघडी आहे. शिडीसारखी चासी, तिच्यावर पाट्यांच्या स्प्रिंगा, दोन भरीव अॅक्सल, मध्ये गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस. जुन्या मॉडेलांत संगणक नाही की सेन्सर नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते, हाताला लागते किंवा कानाला ऐकू येते. शिवाय या गाड्या जाणणारे मिस्त्री आता तालुक्याच्या गावी एखाददुसरेच उरले आहेत. मजुरी वाचविणे हे घरच्या दुरुस्तीचे मुख्य कारण नव्हे. महिन्यातून एकदा जो मालक गाडीखाली डोकावतो, त्याला गळती थेंबाच्या अवस्थेत दिसते. जो डोकावत नाही, त्याला ती वाटेत दिसते.

प्रथम पाने. नव्या हौशी माणसाची पहिली फजिती येथेच होते. विलीज घडणीच्या जीपचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, तर पुढे बसविलेल्या प्यूजो पद्धतीच्या इंजिनाचे मिलिमीटरचे. एकाच गाडीत दोन्ही मापे सुखाने नांदतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी.; त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. पाऊण इंच मात्र १९.०५ मि.मी. असल्याने तेथे १९ चा पाना बहुतेक वेळा चालून जातो. म्हणून पान्यांचे दोन्ही संच घ्यावेत, आणि घट्ट नटावर बंद तोंडाचा किंवा बॉक्स पानाच वापरावा. काही जुन्या विलीजमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेला बलदंड मनुष्य ते सोडविण्याऐवजी आवळीत राहतो आणि शेवटी बोल्ट तुटतो.

आता गाडी उचलण्याविषयी. येथे चूक झाली तर ती सुधारायला माणूस उरत नाही. जॅक हे केवळ उचलण्याचे साधन आहे, त्यावर गाडी पेलून ठेवायची नसते. उचलल्यावर चासीखाली वा अॅक्सलखाली लोखंडी स्टँड लावल्याखेरीज अंगाचा कोणताही भाग खाली जाता कामा नये. विटा आणि सिमेंटचे पोकळ ठोकळे पूर्वसूचना न देता फुटतात, त्यांचा उपयोग करूच नये. यातही जुन्या जीपची एक खास खोड आहे आणि ती पुष्कळ वर्षे गाडी चालविलेल्यांनाही ठाऊक नसते. विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर लागत नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर लागतो. दोन्ही चाके जमिनीवर असतात तोवर तो गाडी धरतो. पण मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलच्या करणीमुळे ते चाक हवेत उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे होते. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, आणि तरीही गाडी जॅकवरून सरकते. म्हणून मागचे चाक उचलण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट लावावेत आणि जागा सपाट, टणक निवडावी. गोदामाच्या उतरत्या रॅम्पवर हे काम कधीही करू नये. घरातील लहान मुलांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

ब्रेकच्या बाबतीत जुन्या घडणीच्या जीपमध्ये बहुधा एकच तेलवाहिनी चारही चाकांना पोचते. एका चाकाजवळचा रबरी पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नव्या मोटारीत असते तशी दुसरी फळी येथे नाही. त्यामुळे पायातून येणारी सूचना ओळखावी लागते. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा आहे. दोनतीनदा मारल्यावर पेडल वर येत असेल तर बहुधा ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढले आहे, आणि ते बाहेरील नटांनी जुळवून घेता येते. चाकाच्या आतल्या बाजूस टायरवर ओलसर डाग दिसला तर व्हील सिलिंडर किंवा ऑइल सील तपासावे. दोन्हींतून येणारे तेल लायनरवर गेले की त्या चाकाचा ब्रेक नाहीसा होतो आणि गाडी एका बाजूस ओढते.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, ही गोष्ट फारशी कोणी मनावर घेत नाही. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषल्यावर तो १४० च्या आसपास येतो. माळशेज किंवा वरंध घाट उतरताना सतत दाबलेले ड्रम तापतात, तेल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल फळीला टेकते. दर दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलणे आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या बळाने उतरणे, हे दोन उपाय मिळून करायचे आहेत. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. तेल कमी दिसले म्हणून वाटेत त्या डब्यात इंजिन ऑइल ओतणारे महाभागही आढळतात. खनिज तेलाने ब्रेकचे सारे रबर फुगते, आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळे बदलावे लागते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी; एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल काढावे. हे काम वडील आणि चिरंजीव यांनी मिळून करावे असे आहे, कारण दोघांपैकी एकाने दुसऱ्याचे ऐकणे त्यात अपरिहार्य असते. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या लायनरच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकतो. ती हवेच्या झोताने कधीच उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

नदी-ओढ्यातून गाडी नेणाऱ्यांसाठी एक वेगळे प्रकरण आहे. लांबवर चालून आलेल्या गाडीचे अॅक्सल तापलेले असते. ते थंड पाण्यात शिरले की आतील हवा आकुंचन पावते. अॅक्सलवर हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक छोटे भोक, म्हणजे ब्रीदर, असते; ते चिखलाने बुजलेले असेल तर आतील ओढ ऑइल सीलमधून पाणी खेचून घेते. गाडी पुढे महिनाभर सुरळीत चालते आणि मग डिफरन्शियलमधून आवाज येऊ लागतो. तोपर्यंत बेअरिंग गंजलेले असतात. तपासणी सोपी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी खालचा ड्रेन प्लग थोडासाच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते आधी टपकते. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर सगळे काढून नवे ९० नंबरचे गिअर ऑइल घालावे. मात्र खालचा प्लग उघडण्यापूर्वी वरचा भरण्याचा प्लग उघडतो की नाही ते पाहावे. खालून तेल काढून टाकले आणि वरचा प्लग गंजून बसला, तर गाडी जागेवरून हलविता येत नाही.

चारही चाकांना जोर देण्याची सोय निसरड्या, मोकळ्या जमिनीसाठी आहे. या गाड्यांच्या पुढच्या व मागच्या अॅक्सलमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारा भाग नसतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळण घेतले तर ताण शाफ्ट आणि दातेरी चाकांत साठत जातो. लीव्हर निघेनासा होतो. तेव्हा हातोडा घेण्याऐवजी गाडी थोडी मागे घेतल्यास बहुधा ताण सुटतो.

मराठवाड्यात व सोलापूर भागात रेडिएटर मारण्याचे काम बोअरवेलचे पाणी करते. त्यातील क्षार आत साचून नळ्या बुजतात. मग उन्हाळ्यात इंजिन तापते, मालक थर्मोस्टॅट काढून टाकतो, आणि दोन दोषांची एक गाडी होते. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे मिसळून घातले की हा प्रश्न वर्षानुवर्षे उद्भवत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी हात भाजतातच. डिझेल संपून बंद पडलेल्या गाडीत पाइपमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल चढविले की बहुतेक वेळा काम होते; तसे न करता स्टार्टर मारीत राहिल्यास बॅटरी उतरते. प्यूजो घडणीच्या इंजिनाला थंडीत हीटर प्लग लागतात. त्यांची तार सोडवून बॅटरीच्या धन टोकापासून दिव्यामार्फत प्लगला जोडून पाहावे. दिवा लागला नाही तो प्लग मेला. विजेच्या उरलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक इंजिन आणि चासी जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थिंग पट्टीत सापडतात.

घरी काय करू नये, याचीही यादी मनाशी ठेवावी. डिझेलचा इंजेक्शन पंप उघडू नये. तो प्रयोगशाळेसारख्या बाकावरच जुळवावा लागतो. डिफरन्शियलच्या दात्यांचे अंतर बसविणे हे अनुभवी हाताचे काम आहे. चासीला वेल्डिंग करणाऱ्याचे काम आधी पाहून घ्यावे. खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके थरथरू लागणे, स्टिअरिंग हातात न राहणे, हा दोष या गाड्यांत फार ऐकू येतो. त्यावर पुष्कळ जण स्टिअरिंग डँपर बसवून घेतात. थरथर झाकली जाते. किंगपिनचे बेअरिंग, टायरॉडची टोके, पाट्यांचे बुश यांतील झीज तशीच राहते. खर्च कमी दिसतो म्हणून हा सौदा स्वीकारू नये.

सुट्या भागांसाठी मुंबईचा चोरबाजार, पुण्याची नाना पेठ आणि दिल्लीचे काश्मिरी गेट ही ठिकाणे हौशी लोकांच्या तोंडी असतात. व्यापाऱ्याच्या नजरेला येथे वेगळे काही शिकावे लागत नाही. बेअरिंग आणि ऑइल सील यांत नकली मालाची भीती सर्वाधिक, म्हणून त्यांची बिले घ्यावीत. पत्रा, बॉनेट, आरसे यांत तडजोड केली तरी बिघडत नाही. भंगारातले इंजिन स्वस्त मिळते, पण त्यावरचा नंबर नोंदणी पुस्तकात आणावा लागतो. न आणलेले इंजिन ही गहाण पडलेली वस्तू समजावी.

कागदपत्रांकडे वळले की हौस थोडी निवते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. वीस वर्षांपलीकडील गाड्यांसाठी परिवहन कार्यालयात चालू दर विचारूनच अंदाजपत्रक करावे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षे ओलांडलेली आणि मूळ स्वरूपात राहिलेली जीप २०२१ च्या नियमांनुसार पुरातन गाडी म्हणून नोंदविता येते. मात्र अशी गाडी नित्याच्या फिरण्यास वा धंद्यास वापरता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. रुंद टायर, उंच केलेले पाटे, कापलेला पत्रा यांचा मोह तरुणांना फार असतो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमके तेच टिपतो. पाच वर्षांवरील गाडीची विम्यातील किंमत कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे पॉलिसी घेताना तो आकडा कोरा किंवा नाममात्र सोडू नये.

काढलेले तेल गटारात किंवा परसात ओतू नये. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडते. बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाणाऱ्या गॅरेजला द्यावे. गंज लागू नये म्हणून तेच तेल चासीखाली फासण्याची जुनी रीत गावोगाव आहे. त्याने रबरी बुश कुजतात आणि धूळ चिकटून खालचा गंज झाकला जातो.

तो झाकलेला गंजच शेवटी वाद मिटवितो. पावसाळ्यानंतर चासी आतून-बाहेरून पाण्याच्या जोराच्या धारेने धुवावी, खालची पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी करावीत. कोरडी झाली की लहान हातोडीने पाट्यांच्या शॅकलजवळ, स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ आणि मागच्या आडव्या पट्टीवर ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर गाडी ठेवण्यास हरकत नाही. दबका आवाज आला तर जाणत्या मिस्त्रीला दाखवावे. हातोडीने पापुद्रे निघाले, भोक पडले, तर त्या गाडीवर आणखी एक रुपयाही निगेच्या खात्यात लिहू नये. नोंदणीकृत भंगार केंद्रात ती द्यावी, ठेव प्रमाणपत्र घ्यावे, आणि परिवहन कार्यालयातून नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा. तोवर ती गाडी कोणीही, कोठेही चालविली तरी कायद्याने मालक तोच राहतो.